दोनशे चौदा बिंदू

"सर, गाळणी लावली काय, नाही लावली काय, हे खालचं सेमच येतंय," ऋचा म्हणाली, आणि हेरंबच्या हातातला कॉफीचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला. आता ह्यात थांबण्यासारखं काय होतं? खरं तर काहीच नाही. गिंडीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात अशा शंका दिवसाला पन्नास निघायच्या. पोरगी नवी, तीन आठवड्यांपूर्वी लागलेली; आवडी नावाच्या उपनगरातल्या डिफेन्स क्वार्टर्समध्ये वाढलेली, मराठी बोलता बोलता मध्येच तमिळ हेल काढणारी. तिला त्यानेच सकाळी धडा दिला होता: ही शहराची फाइल घे, सहा हजार बिंदू आहेत, त्यातली फक्त पोस्ट ऑफिसं गाळून काढ, आणि ती सगळी ज्यात मावतील अशी लहानात लहान चौकट मला सांग. चौकट म्हणजे चार आकडे. पश्चिमेची कड, दक्षिणेची कड, पूर्वेची, उत्तरेची. नकाशा उघडायचा नाही, उंदीर फिरवायचा नाही, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची आणि उत्तर घ्यायचं. हेरंबचा तो जुना तोरा होता. नकाशे बघायला लहान मुलांना आवडतात, म्हणायचा, आपण आकडे वाचायचे.

"टाइप करताना चुकली असशील," तो म्हणाला. "नाही सर, बघा ना. मोजणी बदलते. आधी सहा हजार होते, आता एकतीस. म्हणजे गाळलं त्याने बरोबर. पण चौकट तीच, सगळ्या फाइलची. मग मी काय केलं, पोस्टांची निराळी फाइल केली आणि तिला विचारलं, तर बारकी चौकट आली. मग पहिलं खोटं ना सर?" खोटं नाही, हेरंब म्हणाला. आवाज अगदी मास्तराचा होता, त्याचं त्यालाच नवल वाटलं. फाइल तयार होते तेव्हाच तिच्या कपाळावर हे चार आकडे लिहून ठेवतात. चौकट विचारली की ही कमांड बिंदूंकडे जातच नाही, कपाळ वाचून दाखवते. मोजायला मात्र जाते. म्हणून मोजणी गाळलेल्यांची आणि चौकट सगळ्यांची. "पण शेजारीशेजारी छापते ना सर," ऋचा म्हणाली. "माणसाला वाटेलच की दोन्ही एकाचंच आहे. शाबास म्हणायचं ह्याला!" आणि ती आपल्या जागेवर गेली. बाहेर शेजारच्या शेडमधलं लेथ मशीन किंचाळत होतं, ते एकदम थांबलं, आणि हेरंबला आपल्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं. सात वर्षांच्या नोकरीत त्याने ही कमांड अशी, घाईघाईने, निराळी फाइल न करता, एकदाच चालवली होती. कामासाठी नव्हे. सावनीसाठी.

गुरुवार होता. शनिवारी त्याची पुण्याची गाडी होती. सोमवारी कौटुंबिक न्यायालयात दुसरी आणि शेवटची तारीख. सहा महिन्यांपूर्वी दोघांनी परस्परसंमतीने म्हणून सह्या केल्या होत्या, आता जाऊन पुन्हा एकदा हो म्हणायचं, की झालं. नऊ वर्षांपूर्वी सांगलीत एका वर्गात ओळख झालेली, सहा वर्षांपूर्वी लग्न झालेलं, साडेतीन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली सावनी कागदावरूनही जाणार होती. ह्या सगळ्याची हेरंबने मनाशी एक मांडणी करून ठेवली होती, आणि त्या मांडणीवर तो बरा जगत होता. वेलाचेरीत एका खोलीत राहत होता, स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करत होता, कुणी विचारलं तर "नाही जमलं" म्हणत होता. पण मनातल्या मनात तो "नाही जमलं" म्हणत नसे. मनात तो म्हणे, तिने फसवलं. आणि ह्याला पुरावा होता. चार आकड्यांचा.

दोन हजार पाचचा डिसेंबर. तेव्हा दोघंही ह्याच कंपनीत, तो आत आकड्यांशी, ती बाहेर उन्हात. हातात मावेल असं जीपीएसचं यंत्र घेऊन सावनी गल्ल्या पालथ्या घालायची. दुकान दिसलं की थांबायची, बटण दाबायची, नाव लिहायची, पुढे. त्या महिन्यात किनाऱ्याचं काम होतं. मैलापूर सावनीकडे, आणि खाली महाबलीपुरम अनयकडे. अनय नाशिकचा, दाढी ठेवलेला, सगळ्यांना "काय राजे" म्हणणारा. सावनी त्याच्या विनोदांना हसायची. हसायची म्हणजे काय, सगळेच हसायचे, हेरंबही हसायचा. पण हेरंबच्या विनोदांना सावनी हसेनाशी झाली होती, आणि हे त्याच्या हिशेबी लक्षात राहिलं होतं. त्या वर्षभरात घरात कसलं म्हणून भांडण नव्हतं. नुसतं एक ओलसरपण साचल्यासारखं होतं. तो घरी आला की ती स्वयंपाकघरात असे, ती बाहेर आली की तो कॉम्प्युटरसमोर. मैलापुरात अन्नपूर्णाबाईंच्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता; बाई तंजावरकडच्या मराठी, शेदोनशे वर्षांपूर्वी कुठून तरी आलेल्या घराण्यातल्या, त्यांचं मराठी ऐकलं की सावनीला कुठल्या तरी बखरीतली बाई अंगणात उभी राहिल्यासारखं वाटायचं. त्या जिन्यातून वर बघून म्हणायच्या, "पोरें आहांत की नाहींत वर? आवाज म्हणून नाहीं." आणि दोघं वर, एकाच खोलीत, गप्प.

अशा दिवसांत तो शनिवार आला, सतरा तारखेचा. तमिळ पंचांगातला मार्गळी महिना लागलेला, पहाटे देवळांत भजनं, दारांसमोर हातभर रांगोळ्या, संध्याकाळी गायनसभांमध्ये गाणी. हेरंबला सुट्टी होती. सावनी दुपारी दोनला यंत्र घेऊन निघाली. सहाला येते म्हणाली. साडेसहा झाले, सात झाले. फोन लावला तर बंद. साडेसातला ती आली, आणि जिना चढताना गुणगुणत होती. ही एवढीच गोष्ट. हेरंब दार उघडून उभा होता आणि खालून ते गुणगुणणं वर येत होतं, आणि पहिल्यांदा त्याला वाटलं दुसरंच कुणी येतंय. वर्षभरात त्याने तो आवाज ऐकला नव्हता. तिच्या चपलांना पांढरी भुकटी लागली होती, कपाळावर घामाने केस चिकटले होते, आणि तोंडावर ते, काय म्हणावं त्याला, भरल्या पोटाचं समाधान होतं. "कुठे होतीस?" "इथेच रे. देवळाभोवतीच्या गल्ल्यांत. फिरतच राहिले. छान वाटलं आज." फोन? बॅटरी गेली. बस्स. ती आंघोळीला गेली, तिथेही गुणगुणली. आणि हेरंब दाराशीच उभा. ज्या मैलापुरातून तो रोज नाक दाबून बस पकडायला जात होता, त्या मैलापुरात साडेपाच तास फिरून माणूस इतका सुखी होऊन येऊ शकतो, हे त्याला पटेना. सुखाला काहीतरी कारण लागतं. सुखाला कुणीतरी लागतं. चपलांची भुकटी त्याला वाळू वाटली.

सोमवारी ऑफिसात महिन्याची, तोवरच्या कामाची फाइल आली, सगळ्या टीमची, सहा लोकांची. हेरंबने इकडेतिकडे पाहिलं. पाहायची गरज नव्हती, त्याच्या पडद्यावर अक्षरांशिवाय काही नसायचंच. त्याने ओळ टाइप केली: नाव सावनी, तारीख सतरा. आणि उत्तर आलं. बिंदू दोनशे चौदा. चौकट: रेखांश ऐंशी पॉइंट एकोणीस ते अठ्ठावीस, अक्षांश बारा पॉइंट एकसष्ट ते तेरा पॉइंट शून्य चार. बारा पॉइंट एकसष्ट. हा आकडा त्याला कुणी सांगायला नको होता. मैलापूर तेराच्या वर. बारा पॉइंट एकसष्ट म्हणजे महाबलीपुरम. त्या आठवड्यात अनयचा मुक्काम तिथे होता. जाऊन येऊन अडीच तास, आणि मध्ये तीन तास. मग त्याने काय करावं? नकाशा उघडून ते दोनशे चौदा ठिपके कुठे पडतात ते बघावं की नाही? शाळेतल्या पोरानेही बघितले असते. त्याने बघितले नाहीत. त्याला आता आठवत होतं, नीट आठवत होतं, की नकाशा उघडायला त्याचा हात गेला होता आणि परत आला होता. त्याला उत्तर मिळालेलं होतं. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी स्पष्ट झालं होतं, आणि ते दुःख होतं तरी त्यात कसला तरी दगडासारखा आधार होता, आणि तो सोडायची त्याची तयारी नव्हती. हे चार आकडे त्याने छापून घेतले.

तो कागद त्याने तिला दाखवला, म्हणजे नुसता जेवायच्या टेबलावर ठेवला, तिच्या ताटाशेजारी. वर तिचं नाव, तारीख, खाली दोनशे चौदा, खाली चौकट. सावनीने भात वाढता वाढता तो उचलला, वाचला. हेरंब तिच्या तोंडाकडे बघत होता. रडेल, ओरडेल, खोटं बोलेल, काहीतरी करेल. तिने तो वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि म्हणाली, "हं." मग उठून आत गेली, गॅस बंद केला, बाहेर येऊन जेवायला बसली. सांबार निवलं होतं, ते तसंच जेवली. पुढचे दोन महिने त्या विषयावर एक अक्षर झालं नाही. ती गप्प राहिली तसतसा त्याचा निकाल पक्का होत गेला. कबुली द्यायला तोंडच कुठे उरलंय तिला, तो मनाशी म्हणे. अनयशी त्याने बोलणं टाकलं. तो बिचारा दोनदा "काय राजे, काय बिघडलं?" म्हणून विचारायला आला आणि शेवटी बंगलोरला निघून गेला. फेब्रुवारीत सावनी म्हणाली, मी पुण्याला जाते. दोन बॅगा. सेंट्रल स्टेशनवर त्यानेच त्या उचलून डब्यात ठेवल्या, पाण्याची बाटली आणून दिली. गाडी हलेपर्यंत तिने खिडकीच्या गजावर हात ठेवला होता, त्याने त्या हाताकडे पाहिलं, आणि आपल्यावर अन्याय झालेला आहे हे आठवून आपला हात खिशात घातला.

जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेले तेव्हा हेरंबने जुन्या सर्व्हरवरून ती फाइल काढली. होती. डिसेंबर दोन हजार पाच. ह्या वेळी त्याने घाई केली नाही. आधी गाळून निराळी फाइल केली, सावनीची, सतरा तारखेची. मग त्या फाइलला विचारलं. दोनशे चौदा. आणि चौकट आली: ऐंशी पॉइंट दोनशे पासष्ट ते दोनशे एकाहत्तर, तेरा पॉइंट शून्य एकतीस ते शून्य छत्तीस. कागदावर गुणाकार करून बघितला. साडेसहाशे मीटर रुंद. साडेपाचशे मीटर उंच. देऊळ, तळं, भोवतालच्या चार गल्ल्या आणि त्यांना फुटलेल्या बोळी. एवढंच. ती जिथे होते म्हणाली होती तिथेच होती. साडेपाच तास, आणि त्यात एकदाही ती त्या चिमुकल्या आयताबाहेर पडली नव्हती. चपलांना वाळू नव्हती. दारादारातल्या रांगोळ्यांची भुकटी होती ती, मार्गळी महिन्यात मैलापुरात पाऊल टाकलं की लागतेच. अरे देवा, हेरंब मोठ्याने म्हणाला. रिकाम्या ऑफिसात एसीखेरीज ऐकायला कुणी नव्हतं.

आणि खोटं कशाला बोला, पहिली आली ती हायसं वाटल्याची लाट. म्हणजे चूक माझी नव्हतीच! कमांडची होती. हे कुणाच्याही हातून झालं असतं, ऋचाच्या झालं, माहितीपुस्तिकेतही कुठे ठळक लिहिलेलं नाही. सोमवार अजून चार दिवस लांब आहे. फोन करायचा, समजावून सांगायचं, तीही ह्याच धंद्यातली, दोन मिनिटांत तिला कळेल. हसेल कदाचित. केवढा मूर्खपणा झाला म्हणेल. कोर्टात दोघं उभं राहून सांगू, आमचं जमलंय. हेरंबला साडेतीन वर्षांत असं भरून आलं नव्हतं. मग काहीतरी हाताला चाळा म्हणून त्याने त्या फाइलचे बिंदू एकेक करून पडद्यावर ओतले. वेळ, नाव, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरा कुणी लिहीत नसे, तो रकाना नुसता ठेवलेला होता. सावनीने लिहिला होता, रोमन अक्षरांत, मराठी. दोन वाजून बारा मिनिटं, कॉफीपूडवाला: वास कोपऱ्यापासून येतो. दोन एकोणचाळीस, नारळवाली: मोड नाही म्हणून नारळच फुकट दिला. तीन वीस, पितळी भांडी. तीन छत्तीस, फुलवाल्यांची रांग: चारनंतर सावली. चार पाच, अन्नपूर्णाबाई: ओट्यावर बसले, पाणी प्याले. आपलंच घर. हेरंबला ती तेव्हा खाली होती हे माहीतच नव्हतं. तो वर पंख्याखाली पडून, ती कुठे असेल ह्याचा विचार करत होता, आणि ती त्याच्या अगदी खाली, पंधरा पायऱ्यांच्या अंतरावर बसून पाणी पीत होती. मग एकशे एकतिसावा बिंदू. पाच वाजून आठ मिनिटं, मृदंग दुरुस्ती: हेरंबला इथे आणायचं.

त्याने ती ओळ किती वेळा वाचली कोण जाणे. सांगलीत असताना तो तबला वाजवायचा. लग्नानंतर दोनेक महिने वाजवला, मग डग्ग्याची पुडी फाटली ती नीट करायची राहिली, मग कामाचा व्याप, मग तो जोड माळ्यावर गेला. सावनीने एकदोनदा म्हटलं होतं, तो "हो, बघू" म्हणाला होता. आणि ती गुणगुणत जिना चढली होती तेव्हा, हे तोंडावर घेऊन चढली असेल का ती? सांगणार होती का ती जेवताना, अरे, आज एक दुकान सापडलं? त्याने दारातच "कुठे होतीस" विचारलं, आणि ज्या आवाजात विचारलं तो आवाज त्याला आत्ता, ह्या खुर्चीत, पुन्हा ऐकू आला. तो आवाज आकड्यांच्या आधीचा होता. ह्यावर हेरंबने पटकन दुसरा विचार करायला सुरुवात केली. ऑफिसातून लवकर निघून तो खाली आला, आणि रिक्षावाल्याने मैलापूरचे एकशेवीस सांगितले तेव्हा रोजच्यासारखं न घासता नुसता आत बसला.

देवळाच्या तळ्याशी उतरला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. साडेतीन वर्षांत तो इकडे फिरकला नव्हता. मैलापूर आपलं तसंच, गजरे, कापूर, भाजलेल्या कॉफीचा वास, हॉर्न. त्याने मनात आखलेल्या चौकटीची पश्चिमेची कड चालायला घेतली. कितीशी ती! चालत गेलं तरी अर्ध्या तासात चारी बाजू होतात. एवढ्याशा जागेत ती मावली होती, तिचा अख्खा आनंद मावला होता, आणि त्याला तो शोधायला महाबलीपुरमपर्यंत जावं लागलं. अन्नपूर्णाबाई ओट्यावर बसल्या होत्या, आणखी वाकलेल्या, पण डोळे तेच. "अय्यो, हेरंबरावच की! किती वर्षें जाहलीं. एकटेच आलांत? पोरगी कोठें?" "पुण्याला असते," तो म्हणाला. "पुण्याला काय करते तिथें? येथें किती रमली होती. त्या मार्गळींत यंत्र घेऊन माझ्यापाशी बसली, दुकानाचीं नांवें सांगून सांगून हसली. मला म्हणाली, बाई, तुमचें घरही लिहिलें मी. तुम्ही वरतीच होतांत ना तेव्हां?" हो, हेरंब म्हणाला. "मग हाक मारावी की नाहीं!" बाईंना काय, त्या सहज बोलल्या. "कोणीं विचारलें असतें तर मींच सांगितलें असतें, वाट चुकली नाहीं पोरगी म्हणून." आणि कॉफी घ्यायला थांबा म्हणाल्या. तो थांबला नाही.

मृदंगाचं दुकान एका बोळात होतं, दोन माणसं जेमतेम बसतील एवढं. एक म्हातारा पायांमध्ये मृदंग धरून वादी आवळत होता; दगडाने ठोकायचा, कान लावायचा, पुन्हा ठोकायचा. त्याने मान वर करून, काय हवं, असं भुवयांनी विचारलं. काही नाही, हेरंबने हाताने सांगितलं, आणि समोरच्या भिंतीला टेकून फोन काढला. नंबर पाठ होता. पाच वाजत आले होते, ऑफिसात असेल.

"हेरंब? सोमवारचं काही बदललंय का?" आवाज नीट, कामाचा.

"नाही, नाही. सावनी, ऐक. ते चुकलं होतं."

"काय चुकलं?"

"तो कागद. सतरा डिसेंबरचा. ती चौकट तुझी नव्हतीच गं! आज कळलं. ती कमांड गाळते, मोजते, पण चौकट फाइलच्या कपाळावरची वाचते. सगळ्या टीमची. महाबलीपुरम अनयचं होतं, तुझं नव्हतं. तुझी चौकट मी काढली आज, एवढीशी आहे, तू म्हणालीस तिथेच—"

"माहीत आहे मला," सावनी म्हणाली.

"म्हणजे? तुलाही आत्ता कळलं का ते?"

"तेव्हाच. कागद हातात घेतला तेव्हाच. आठवड्याचा रिपोर्ट मीच लिहायचे ना रे. त्या फाइलचे चारही आकडे पाठ होते मला."

बोळातून एक सायकल गेली. हेरंबला भिंतीचा गारवा शर्टातून लागत होता. साडेतीन वर्षं, तो म्हणत होता, साडेतीन वर्षं, सावनी, आणि आवाज चढत गेला, दुकानातला म्हातारा ठोकायचं थांबून बघायला लागला. "एका वाक्याचं काम होतं! का नाही बोललीस? का बसलीस गप्प? मी काय समजून राहिलो, अनयला काय काय... तू एक शब्द बोलली असतीस तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं!"

मग ती बोलली ती रागाने नव्हे, थकूनही नव्हे. फार दिवस आत ठेवून ठेवून कडा झिजलेल्या गोष्टीसारखं बोलली.

"बोलले असते तर तू कमांड दुरुस्त केली असतीस, हेरंब. आणि पुन्हा चालवून बघितली असतीस."

त्याने तोंड उघडलं. नाही म्हणायला उघडलं होतं. आणि त्याला दिसलं की आज दुपारी त्याने पहिली गोष्ट तीच केली होती. फोन तेव्हाही खिशात होता. चूक कळल्यावर तो आधी तिच्याकडे गेला नव्हता, फाइलकडे गेला होता. नीट गाळून, नीट विचारून, आकडा हातात आल्यावरच त्याने तिच्यावर विश्वास ठेवला होता.

"सावनी," तो म्हणाला.

"हं."

तोच हुंकार. पण ह्या वेळी त्यात वाट बघणं होतं, एवढंसं, तिचं तिलाही कळलं नसेल इतकं, आणि हेरंबने शब्द शोधले, सगळीकडे शोधले. सॉरी म्हणालो तर ते आज, पुरावा मिळाल्यावर. प्रेम आहे म्हणालो तर तेही आजच. जे काही तो म्हणेल त्याच्या आधी ते चार आकडे उभे होते. कुठल्या तरी ऑफिसात, पुण्यात, तिच्यामागे कुणीतरी तिला हाक मारली. "आले," ती त्या माणसाला म्हणाली, आणि मग ह्याला, अगदी साध्या आवाजात, "सोमवारी साडेदहाला ये. आणि फोटो आण दोन, पासपोर्टचे. मागच्या वेळी विसरला होतास."

"आणतो," हेरंब म्हणाला.